श्वासाचा रकाना

डिचोली तालुक्यातल्या एका साठ खाटांच्या इस्पितळात रघुनाथ दळवीची खोली तळमजल्यावर आहे, औषधांच्या दुकानाच्या पाठीमागे. खोलीत एक टेबल, एक संगणक आणि तारखेवार बांधलेले कागदांचे गठ्ठे. वरच्या दोन वॉर्डांतून दर चार तासांनी तक्ते खाली येतात. प्रत्येक रुग्णापुढे सहा रकाने असतात: नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन, श्वास, शुद्ध. रघुनाथ ते वाचतो आणि संगणकात भरतो. सकाळी सातला येतो, तीनला जातो. तेवढ्या वेळात हजारेक आकडे त्याच्या बोटांखालून जातात.

हे काम त्याला जड जात नाही, कारण उमेदीची वीस वर्षं त्याने हेच केलं. फरक एवढाच, की तेव्हा आकडे माणसांचे नव्हते, ट्रकांचे होते.

रघुनाथचं गाव दोडामार्गच्या बाजूला, सिंधुदुर्गात. एकोणिसाव्या वर्षी तो डिचोलीला खाणीवर आला आणि अक्षर बरं म्हणून त्याला ट्रकांच्या वजनकाट्यावर बसवलं. खनिजाच्या मातीने भरलेला टिपर काट्याच्या फळीवर चढायचा, समोरचा आकडा हलायचा, थरथरायचा, मग स्थिर व्हायचा. तो स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मग लिहायचं, एवढीच त्या कामातली कला. पण तांबडी माती चिकट. ती फळीखाली जाऊन बसली की काटा अडायचा. मागे दोनशे टिपरांची रांग, हॉर्नचा गोंगाट, आणि वरून निरोप यायचा, "अंदाजान घाल." रघुनाथ घालायचा. दहा टन दोनशे. दहा टन तीनशे. पुन्हा दहा टन दोनशे.

असे काही हजार आकडे बनवल्यावर त्याला एक गोष्ट कळली. बनवलेल्या आकड्याचा तोंडवळा वेगळा असतो. तो गोल असतो, शेजाऱ्यासारखा दिसतो, कुणाला खुपत नाही. तोललेला आकडा नेहमी थोडा वाकडा येतो. पुढे कुठल्याही कागदावर बनवलेला आकडा त्याला लांबून ओळखू यायला लागला. हे ज्ञान कुठून आलं, हे तो कुणाला सांगत नसे.

त्या रांगेतला एकच ड्रायव्हर अंदाज चालवून घ्यायचा नाही. बाबली गडेकर, पेडण्यातल्या हळर्णचा. काटा अडलेला दिसला की तो इंजिन बंद करून खाली उतरायचा आणि हाताची घडी घालून उभा राहायचा.

"माका अंदाज नको. काटो साफ कर, मगे सांग."

"मेल्या, फाटल्यान दोनशे गाडये उभे असत!"

"ऱ्हांवदेत. जेटीच्या उतारार ब्रेक अंदाजान लागत नाय."

रघुनाथ शिव्या घालत पहार घेऊन फळीखाली शिरायचा आणि माती खरवडायचा. मग बाबली टिपर चढवायचा, आकडा बघायचा आणि जाता जाता डब्यातला अर्धा उंडो, म्हणजे इथला गोल पाव, त्याच्या टेबलावर ठेवून जायचा. एवढ्यावर त्यांची दोस्ती जमली आणि टिकली.

२०१२ साली खाणी बंद झाल्या. बाबली हळर्णला स्वतःच्या काजूंकडे परत गेला. रघुनाथने चार वर्षं काजूच्या कारखान्यात काढली, दोन वर्षं रिक्षा चालवली आणि मग ओळखीच्या एका ट्रस्टीमुळे इस्पितळात लागला. बायको पार्वती म्हणाली, "बरां झाला. आता कपडे तरी तांबडे येवचे नाय."

यंदाच्या जानेवारीत इस्पितळात एक नवीन संगणकप्रणाली आली. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या लाखभर रुग्णांच्या नोंदी वाचून ती शिकली होती: प्रकृती बिघडण्याआधी बारा तासांत माणसाचे आकडे कसे कसे हलतात. इथल्या रुग्णांचे आकडे तिला दिले की ती शंभरपैकी एक अंक सांगायची. वीसच्या आत हिरवा, पन्नासच्या आत पिवळा, त्यापुढे लाल. लाल आला की ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या मोबाइलवर घंटा वाजायची आणि त्याने पंधरा मिनिटांत खाटेपाशी उभं राहून सही करायची, असा नियम व्यवस्थापनाने काढला होता.

नर्सनी आठवड्याभरात तिचं नाव पाडलं, घाडी. या भागात कुणाचं काही अडलं, गुरं हरवलं, दुखणं हटेना, की गावच्या घाड्याकडे विचारायला जातात. तो तांदळाचे दाणे मांडतो आणि पुढे काय होणार, देवाला कोंबडा द्यायचा की नारळ, ते सांगतो. वॉर्डात चहाच्या वेळी हमखास कुणीतरी विचारायचं, "घाडी आज काय सांगता? कोंबो लागतलो काय नारळार भागतला?"

पहिल्याच आठवड्यात घाडी अडला. पुरुषांच्या वॉर्डातून सव्वीस रुग्णांचे तक्ते आले आणि सव्वीसच्या सव्वीस तक्त्यांवर श्वासाचा रकाना कोरा. त्यात आश्चर्य काही नव्हतं. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यंत्र दाखवतं. ताप मापक दाखवतं. श्वास मात्र डोळ्यांनीच मोजावा लागतो, आणि पुरा मिनिटभर. सव्वीस रुग्णांची सव्वीस मिनिटं कोण देणार? इतकी वर्षं तो रकाना तक्त्यावर नावापुरता होता, कुणी विचारत नव्हतं. पण संगणक कोरा रकाना घेईना. 'माहिती अपूर्ण' असं लाल अक्षरांत दाखवून तो तिथेच बसला. रघुनाथने वर फोन लावला. फोनवर कमलाक्षी होती, कोरगावची, पुरुषांच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर, नोकरीला सव्वीस वर्षं झालेली.

"कमलाक्षीबाय, श्वास खंय असा?"

"श्वास पेशंटाच्या नाकात असा. जिवंत असत सगळे, काळजी करू नको."

"घाडी घेना नाय गो कोरो कागद."

"मगे घाल कायतरी. बारा ते वीसमदी खंयचोय घाल. माका हयसर सलायन लावचे असत."

रघुनाथने क्षणभर विचार केला आणि अठरा घातले. सव्वीस वेळा. संगणक पुढे गेला. संध्याकाळी छापलेले तक्ते वर गेले, त्यांवर अठरा होते. ते बघून पुढच्या पाळीच्या नर्सनी हातानेच अठरा लिहायला सुरुवात केली. मग बायकांच्या वॉर्डातही अठरा आले. खालून वर गेलेला आकडा दुसऱ्या दिवशी वरून खाली आला, आणि महिन्याभरात अख्खं इस्पितळ मिनिटाला अठरा श्वास घ्यायला लागलं.

प्रणाली बसवणाऱ्या कंपनीची तनया नावाची एक इंजिनीअर दर गुरुवारी फोंड्याहून यायची. वय सत्तावीस-अठ्ठावीस, बोलणं मोजकं. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी ती रघुनाथच्या खोलीत बराच वेळ पडद्याकडे बघत बसली.

"काका, तीन महिन्यांत इथून सात पेशंट आयसीयूत गेले. यांतले आपल्याला आधी कळले फक्त दोन. जिथे हे शिकलं, तिथे श्वास हा सगळ्यात बोलका आकडा होता. इथे तो काहीच बोलत नाही. सगळीकडे अठरा. आमच्याकडून आकडे येताना काही गोंधळ होतोय का, म्हणून मी इथल्या ऑफिसला दोनदा विचारलं. उत्तर आलं, आकडे तक्त्याप्रमाणेच भरले आहेत."

ते उत्तर रघुनाथनेच टाइप केलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

"महिनाअखेर मॅनेजमेंटची मीटिंग आहे," तनया म्हणाली. "बंद करतील बहुतेक."

"चहा घेतलास?" रघुनाथने विचारलं.

सांगायला हवं होतं, हे त्याला त्याच वेळी कळत होतं. पण सांगायचं म्हणजे कमलाक्षीचं नाव घ्यायचं, आणि तिच्या मागोमाग सगळ्या नर्सचं. काट्यावर वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक नियम पाठ असतो: अंदाजाने लिहिणारा सांगत नाही आणि लिहायला लावणारा विचारत नाही. त्याने चहा आणला.

पुढच्या मंगळवारी सकाळचे तक्ते भरताना सात नंबरच्या खाटेपुढे त्याला नाव दिसलं. बाबली गडेकर, वय एकसष्ट, हळर्ण. डाव्या पायाला जखम, सूज.

तो दुपारी वर गेला. बाबली उशीला टेकून बसला होता, पाय पट्टीत गुंडाळलेला. काजूंखालचं रान साफ करताना कोयता नडगीला लागला होता. त्यावर हळद लावून तो तसाच आठवडाभर दगडी कुंडात उतरून काजूची बोंडं तुडवत राहिला. हंगाम चालू, काजूच्या दारूची, हुर्राकाची भट्टी पेटलेली, कुणाला सांगणार?

"काटेवाले इले," बाबली म्हणाला. "उंडो हाडलंस?"

"हुर्राक धाडतंय म्हणान दोन वर्सां सांगतस, तो पयलो हाड."

बायको सरस्वती शेजारी पेजेचा डबा धुऊन ठेवत होती. ती म्हणाली, "आता भट्टीचां नाव काडलास तर दोगांकय हयसरच बांदून घालतंय." बाबली हसला. सगळं ठीक दिसत होतं.

बुधवारी दोनचा तक्ता आला. सात नंबर: नाडी चौऱ्याऐंशी, रक्तदाब एकशे अठरा-सत्तर, ताप नव्याण्णव पॉइंट दोन, ऑक्सिजन पंच्याण्णव, श्वास अठरा, शुद्ध आहे. रघुनाथने भरलं. घाडी म्हणाला, बारा. हिरवा.

तीनला ड्यूटी संपल्यावर तो घरी जाण्याआधी वर डोकावला. हातात बेकरीतला कागदात बांधलेला उंडो होता.

"घे. आता काय सबब नाय."

"थय... ठेव," बाबली म्हणाला.

"काय रे, बायकोन खराच बांदून घातल्यान वाटता."

"ती... गावात गेली. काजी... झडतत... कोण बघतलो."

रघुनाथ आपल्याच विनोदावर हसला आणि मग थांबला. हा माणूस टिपरचं इंजिन चालू असताना त्याच्यावर आवाज काढून बोलणारा. त्याचं वाक्य कधी तीन ठिकाणी तुटलं नव्हतं. रघुनाथने चादरीकडे बघितलं. पोट भराभर वरखाली होत होतं, घाटी चढून आलेल्या माणसासारखं. आणि माणूस तर दोन दिवस खाटेवरच होता.

भिंतीवर घड्याळ होतं. रघुनाथने त्याकडे बघत मोजलं. मिनिटाला एकतीस भरले. खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकत होता. त्यावर अठरा.

तो आकडा त्याने तीन महिने रोज बघितला होता. आता तो बाबलीच्या नावापुढे होता.

कमलाक्षी वॉर्डाच्या टोकाला टेबलापाशी लिहीत होती. तिची मदतनीस दोन दिवस रजेवर होती.

"कमलाक्षीबाय, सात नंबर बघ जरा."

"दोनाक बघलंय. बरो असा."

"श्वास बघलंस?"

कमलाक्षीने पेनाला टोपण लावलं. "रघुनाथबाब, तू कागद भर. माणसां मी बघतंय."

"तक्त्यार अठरा असत. माका एकतीस मिळाले."

"तुका मिळाले? सव्वीस वर्सां मी झक मारलंय आणि तू जिनो चढान इलस तो डॉक्टर झालस? उद्या घाड्याकडे जावची गरज नाय, तूच दाणे मांड."

पाच नंबरवरचा म्हातारा मोठ्याने हसला. रघुनाथचा चेहरा लाल झाला, पण तो हलला नाही.

"तुका बोल लावक नाय इलंय गो," तो हळू आवाजात म्हणाला. "पयलो अठरा माजोच. जानेवारीत तुका फोन केल्लंय, आठवता? तू म्हटलंस खंयचोय घाल. आकडो मी निवडलंय. तुमी सगळी माजोच आकडो लिवतात. आणि तो बाबली असा, कमलाक्षीबाय. काट्यार तो अंदाज घेय नसलो."

बाबली काट्यावर काय करायचा, हे कमलाक्षीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण फोन तिला आठवला असावा. ती उठली.

सात नंबरपाशी जाऊन तिने बाबलीचं मनगट धरलं, नाडी बघतात तसं. नजर मात्र त्याच्या पोटाकडे होती. "हात सैल सोड. बोला नको," ती त्याला म्हणाली. आणि मान न वळवता रघुनाथला, "तू तेका बोलयत होतस. बोलता बोलता मोजलेलो आकडो धरूचो नसता. आणि आपलो श्वास मोजतत ह्यां पेशंटाक कळला काय तो बदलता. म्हणान मनगट धरूचां."

एक मिनिट झालं. तिने दुसरं मिनिट घेतलं. मग मनगट सोडून त्याच्या पायाची बोटं चाचपली, आधी चांगल्या पायाची, मग दुखऱ्या.

"अठ्ठावीस," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

तिने फोन लावला. ड्यूटीवर डॉक्टर प्रशांत होते. हरमलच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडलेले दोघे जण तेवढ्यात आले होते आणि डॉक्टर खाली त्यांना टाके घालत होते. फोन स्पीकरवर होता.

"ताप?"

"नव्याण्णव दोन."

"नाडी? बीपी?"

"चौऱ्याऐंशी. एकशे अठरा-सत्तर. पण श्वास अठ्ठावीस असा, डॉक्टर. मी मोजलाय."

"पाय दुखत असेल त्याचा. घाबरला असेल. चारच्या राउंडला बघतो, सिस्टर. इथे एकाचं हाड बाहेर आहे."

कमलाक्षीने फोन ठेवला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिला डॉक्टरांचा राग आला नव्हता. साडेतीन महिने ज्या रकान्यात आपणच काहीही लिहीत होतो, त्या रकान्यावर त्यांनी आजच का विश्वास ठेवावा? शिवाय बाकीचे आकडे चांगले होते.

"तुज्या घाड्याक सांग," ती रघुनाथला म्हणाली. "घाड्याक खोटां सांगल्यार घाडी खोटांच सांगता. आज खरां सांगून बघ."

रघुनाथ जिना उतरला. त्याच्या खुर्चीवर दुपारचा माणूस बसला होता. "उठ जरा," म्हणून त्याला उठवला आणि सात नंबर उघडला. नवी नोंद. वेळ तीन बारा. श्वास अठ्ठावीस. बाकीचे पाच आकडे दोनच्या तक्त्यावरचे होते तसेच ठेवले. बटण दाबलं.

अंक बदलायला दोन-तीन सेकंद लागले. काट्यावर आकडा स्थिर व्हायला लागायचे तेवढेच.

सदुसष्ट. लाल.

अंकाखाली घाडी कारणंही द्यायचा, तीन ओळींत. पहिली ओळ श्वासाची. दुसरी सकाळच्या रक्ततपासणीची: पांढऱ्या पेशी कालच्या दुप्पट. तिसरी ओळ रघुनाथला कळली नाही. रक्तदाबाच्या एका गोळीचं नाव होतं, जी बाबली सहा वर्षं घेत होता.

ती ओळ डॉक्टर प्रशांतना कळली. ते अकरा मिनिटांत वर आले, हातमोजा अर्धा काढलेला, कपाळावर आठ्या. त्यांनी मोबाइल बघितला, बाबलीकडे बघितलं, पुन्हा मोबाइल बघितला आणि "अरे," एवढंच म्हणाले. ती गोळी नाडी वाढू देत नाही. सकाळपासून ताप उतरवायचं औषध चालू होतं, ते ताप वर येऊ देत नव्हतं. जे दोन आकडे एरवी आधी ओरडतात, त्या दोघांची तोंडं औषधांनीच बांधली होती. उरला होता श्वास, आणि त्याचं तोंड अठराने.

पायातला जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता. डॉक्टरांनी लगेच रक्त पाठवलं, सलाइन वाढवलं, प्रतिजैविक बदललं, म्हापशाहून सर्जनला बोलावलं. साडेचारला बाबलीचा रक्तदाब घसरायला लागला. नव्वदवर आला, मग ब्याऐंशीवर. तोवर तो आयसीयूत होता आणि दोन्ही हातांत सुया होत्या. सहा वाजता सर्जननी पाय उघडला आणि पोटरीतलं सडलेलं मांस काढलं.

डॉक्टर प्रशांत नंतर स्वतःहून म्हणाले, "चारच्या राउंडला मी बायकांच्या वॉर्डापासून सुरू करतो. सात नंबरला पोचायला साडेपाच वाजले असते."

रघुनाथ आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून राहिला. सरस्वती हळर्णहून आली तेव्हा उंडो अजून त्याच्या मांडीवर होता. त्याने तो तिच्या हातात दिला. तिने अर्धा मोडून त्याला परत दिला, आणि दोघांनी तो कोरडाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. तनया आली, तेव्हा खोलीत रघुनाथबरोबर कमलाक्षीही बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

रघुनाथने सांगितलं. जानेवारीतला फोन, सव्वीस कोरे रकाने, अठरा. मध्येच कमलाक्षी म्हणाली, "खंयचोय घाल, ह्यां माजां वाक्य. तांय लिवन घे." तनयाने लिहून काही घेतलं नाही. तिने संगणकावर एक आलेख काढला. साडेतीन महिन्यांतल्या श्वासाच्या जवळजवळ तीस हजार नोंदी. आडव्या रेषेवर दोन-चार टेकाडं आणि मधोमध एकच उंच खांब. अठराचा.

"जेटीवरचो क्रेन दिसता," रघुनाथ म्हणाला.

"चूक माझी आहे, काका," तनया म्हणाली. ते दोघं तिच्याकडे बघायला लागले. "कोरा रकाना चालणार नाही, हे मी ठरवलं. मला वाटलं, सक्ती केली की लोक मोजतील. मोजायला लागणारं मिनिट कुठून येणार, हे मी कुणाला विचारलंच नाही."

तिने त्याच दिवशी दोन बदल केले. श्वासाच्या रकान्यापुढे 'मोजला नाही' अशी एक खूण आली, आणि घाड्याला ती चालायला लागली. खात्री कमी असेल तर तो तसं सांगायचा, पण अडून बसायचा नाही. आणि जुने सगळे अठरा तिने बाजूला काढले.

मिनिटाचा प्रश्न कमलाक्षीने सोडवला, आणि तोही वैतागून. रक्तदाबाचं यंत्र दंडाला लावलं की पट्टा फुगतो, मग हळूहळू सुटतो. त्याला पाऊण मिनिट लागतं. तेवढा वेळ नर्स उभी असते, हात रिकामे, नजर यंत्राकडे. "यंत्राकडे कित्याक बघतात? तां काय पळान जाता?" तिने दोन्ही वॉर्डांतल्या मुलींना सुनावलं. "पोटाकडे बघा. पट्टो सुटासर अर्दो मिनिट मोजा, दुप्पट करा. विसाच्या वर गेलो तर मगे पुरो मिनिट घेवा." नवीन काही आणावं लागलं नाही. पण इतक्या वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण त्या आकड्याची कुणाला गरजच नव्हती.

व्यवस्थापनाची मीटिंग झाली. घाड्याला आणखी सहा महिने मिळाले. पुढच्या महिन्यात त्याने एकोणीस वेळा लाल दाखवला. त्यातले दहा फुकट गेले. एकदा तर खोकत खोकत जिना चढून आलेल्या माणसाला त्याने एकसष्ट दिले आणि डॉक्टर प्रशांत जेवणावरून उठून आले. त्यांनी खाटेपाशी काय म्हटलं ते छापण्याजोगं नाही. उरलेले नऊ लाल मात्र खरे होते, आणि त्यांतले सहा डॉक्टरांनी राउंडच्या आधी बघितले. कमलाक्षी म्हणते, घाड्याला एवढं कळलं तर पुष्कळ झालं. गावच्या घाड्याला याहून कमी कळतं आणि तो कोंबडा वेगळा घेतो.

रघुनाथचं काम थोडं वाढलं. पूर्वी श्वासाच्या रकान्यात त्याची बोटं न बघता दोन कळा दाबायची. आता बघावं लागतं. सोळा. बावीस. एकोणीस. चौदा. 'मोजला नाही.' वीस. सतरा. ओळीने खाली जाणारे वाकडेतिकडे आकडे. दुपारच्या माणसाने तक्रार केली, की आता वेळ फार लागतो. रघुनाथ म्हणाला, "लागूंदे."

बाबली आयसीयूत पाच दिवस होता, मग पुन्हा सात नंबरवर आला. पाय वाचला. पोटरीत मूठभर खड्डा पडला आहे आणि यंदाच्या हंगामात तो कुंडात उतरणार नाही. भट्टी सरस्वतीच्या भावाने चालवली. पुन्हा टिपर मिळाला तरी क्लच दाबता येईल की नाही, हे कुणी सांगत नाही. तोही विचारत नाही.

घरी जायच्या दिवशी सकाळी कमलाक्षी त्याच्या दंडाला पट्टा लावून उभी होती. रघुनाथ तक्ते न्यायला मुद्दाम वर आला होता. पट्टा सुटला. तिने लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळली.

"माजो किती इलो?" बाबलीने विचारलं. आता त्याचं वाक्य तुटत नव्हतं.

रघुनाथने तक्ता उचलून बघितला. मग तो खाटेच्या कडेला बसला, बाबलीचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला. पुरं मिनिट. मागून कमलाक्षी ओरडली, "माजेर विश्वास नाय काय तुजो?"

"सोळा लिवल्यान," रघुनाथ म्हणाला. "माका सतरा मिळाले."

"मगे खरो खंयचो?"

"दोनय. मधी तू खोकलंस."

बाबलीने मान हलवली. ते त्याला पटलं. त्याने उशाखालून कागदात गुंडाळलेली बाटली काढली, वॉर्डावर एक नजर टाकली आणि ती तक्त्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवली.

"पयल्या धारेचो असा," तो म्हणाला. "मापान घे. अंदाजान नको."